किरायदारानं कुत्रं आणलं, किराया थकवला: छोट्या घरमालकानं काय करायचं?



मागच्या आठवड्यात नांदेडहून एका ताईंचा फोन आला. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलून सांगतो. तरोड्याकडं त्यांचं स्वतःचं घर आहे. खाली पुढच्या बाजूला त्या आणि त्यांची मुलगी, मागच्या दोन रूममध्ये नीटची तयारी करणाऱ्या चार मुली, आणि वरचा मजला एका कुटुंबाला किरायानं दिलेला. वरचे सात हजार, मुलींचे मिळून आठ हजार. मिस्टर गेल्यापासून घर या पंधरा हजारांवरच चालतं.

ताई म्हणाल्या, "सर, वरच्यानं गावाकडून कुत्रं आणलंय. गच्चीवर बांधून ठेवतो. दिवसभर भुंकतंय, जिन्यात घाण, अन् दोन महिन्यांचा किराया पण देईना. खालच्या पोरी म्हणायल्यात, काकू आम्ही दुसरीकडं रूम बघतो. मी आता सरळ वरचं पाणीच बंद करते. करू ना?"

मी म्हणालो, "ताई, कॉक आहे तसा राहू द्या. आधी ऐका."

त्या फोनवर जे बोलणं झालं तेच आज सविस्तर लिहितोय. कारण तुमच्यापैकी बरेच जण हाच धंदा करताय किंवा करायच्या विचारात आहात. रूम किरायानं देणं हा काय बिझनेस आहे का, असं लोक विचारतात. आहे की! लातूरला ट्युशन एरियात, औसा रोडला, बार्शी रोडला, नांदेडला श्यामनगर, बाबानगर भागात कर्ज काढून वरचा मजला चढवलेली घरं मोजा. हप्ता बँकेचा आणि भरवसा किरायाचा. एवढं असून दुकान टाकताना जेवढा विचार करतो त्याच्या निम्मा पण रूम देताना करत नाही. गेटवर "रूम किरायाने देणे आहे" अशी पाटी लावली, माणूस बरा वाटला, ॲडव्हान्स घेतला, चावी दिली. झालं.

पाणी, वीज, कुलूप: हात लावायचा नाही

महाराष्ट्रात किरायाचा व्यवहार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ या कायद्यानं चालतो. ३१ मार्च २००० पासून तो लागू आहे. आपल्या मराठवाड्याची एक गंमत सांगतो. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानातले, म्हणून इथं आधी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा चालायचा. मुंबईचा वेगळा, विदर्भाचा वेगळा. १९९९ च्या कायद्यानं ते तिन्ही मोडीत काढून एकच केला. त्यामुळं "आपल्याकडं असं नसतं सर, ते मुंबईला असतं" हे डोक्यातून काढून टाका.

या कायद्याचं कलम २९ सांगतं की किरायदाराच्या अत्यावश्यक सोयी, म्हणजे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास, मालकाला योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत. तोडल्या तर किरायदार कोर्टात जाऊ शकतो, कोर्ट त्या परत चालू करायला लावू शकतं आणि मालकाला शिक्षेची तरतूदही आहे. बाहेरून कुलूप लावणं, सामान जिन्यात काढून ठेवणं, हे तर पोलीस ठाण्याचं आमंत्रणच. आता विचार करा, दोन महिने किराया न देणारा माणूस चुकीचा होता. तुम्ही कॉक बंद केला की दुसऱ्या दिवशी तो फिर्यादी आणि तुम्ही आरोपी. बाजू एका दिवसात उलटते.

आणि लातूरसारख्या गावात पाणी तोडणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं शहर आहे ते. पाण्यावरून झालेलं भांडण इथं मिटत नाही.

दुसरं, कुत्र्याला हात लावायचा नाही. रागाच्या भरात "टाकते एक दिवस भाकरीत काहीतरी" असं लोक बोलून जातात. प्राण्याला विष देणं, मारणं, लुळं करणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नुसतं उचलून गावाबाहेर सोडून देणं पण करू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात तेही बसत नाही. बाकी कायदा जाऊ द्या, त्या मुक्या जनावराचा यात दोष तरी काय?

आधी हिशोब, मग राग

ताईंना मी विचारलं, नुकसान कितीचं चाललंय? त्या म्हणाल्या, चौदा हजार थकलेत. मी म्हणालो, ते तुमचं खरं नुकसान नाही.

बघा. वरच्याचे चौदा हजार थकलेत, पण ते येणं आहे, बुडालेलं नाही. त्याच्याकडून घेतलेलं पंचवीस हजारांचं डिपॉझिट अजून तुमच्या हातात आहे. पण खालच्या चार मुली जर जुलैमध्ये निघून गेल्या तर? क्लासेसचे प्रवेश जून-जुलैत होतात. त्या दीड महिन्यात ज्याची रूम भरली त्याची भरली. ऑगस्टनंतर दोन रूम रिकाम्या राहिल्या तर पुढच्या सीझनपर्यंत, म्हणजे दहा महिने, महिन्याला आठ हजार. ऐंशी हजार रुपये. आणि लातूर-नांदेडमध्ये आईबाप रूम बघायला येतात तेव्हा आधी शेजारच्या रूममधल्या पोरांना विचारतात. "कुत्रं भुंकतंय, अभ्यास होत नाही" एवढं एक वाक्य पुढच्या दोन बॅच घालवतं.

म्हणून पहिलं काम वरच्याशी भांडणं नाही. पहिलं काम खालच्या मुलींशी बोलणं. मी ताईंना सांगितलं, आज संध्याकाळी त्यांना चहाला बोलवा आणि तारीख द्या. "पोरींनो, मला पंधरा दिवस द्या. पंधरा तारखेपर्यंत आवाज कमी झाला नाही तर तुम्ही मोकळ्या, डिपॉझिट पूर्ण परत." तारीख दिली की माणूस थांबतो. "बघते मी, सांगते त्याला" याच्यावर कुणी थांबत नाही.

तीन भांडणं, एक गाठोडं

ताई सगळं एका दमात सांगत होत्या: कुत्रं, घाण, किराया. आपण सगळेच असं करतो. पण समोरच्याला पण सगळं एकदम ऐकवलं की तो सगळ्यात सोप्या मुद्द्यावर भांडतो. "कुत्रं आहे म्हणून तुम्हाला आम्ही नको झालो" असं म्हणून किरायाचा विषयच बाजूला टाकतो.

म्हणून वेगळं करा. किराया थकला हा पैशाचा विषय. जिन्यातली घाण हा सफाईचा. भुंकणं हा कुत्रं कसं ठेवलंय याचा. आणि फरशी, दार, भिंत खराब झाली असेल तर तो नुकसानीचा. चारही विषयांचा इलाज वेगळा.

मी ताईंना दोन प्रश्न विचारायला लावले. कुत्रं आलं कुठून? आणि ते गृहस्थ करतात काय? उत्तरं आली तेव्हा अर्धा गुंता सुटला. तो माणूस स्वतःची व्हॅन चालवतो, शाळेच्या पोरांना नेणं-आणणं करतो. मे महिना आणि अर्धा जून शाळा बंद. कमाई बंद. आणि कुत्रं? गावाकडचं शेत यंदा बटईनं दिलं, आखाडा मोकळा झाला, मग आखाड्यावरचं कुत्रं कुठं सोडायचं म्हणून इकडं आणलं.

आता आखाड्यावर मोकळं फिरलेलं, रात्रभर राखण करणारं कुत्रं तुम्ही सिमेंटच्या गच्चीवर दीड मीटरच्या साखळीनं बांधलं. मेच्या उन्हात आपल्याकडं पारा चाळीसच्या वर असतो, स्लॅबवर पाय ठेववत नाही. ते भुंकणारच. खाली कुणी गेट वाजवलं, तरी भुंकणारच, कारण आयुष्यभर त्याला तेच काम दिलं होतं.

बोलायचं कसं

जिन्यात उभं राहून, मुलींसमोर, त्याच्या बायकोसमोर बोलायचं नाही. त्याला व्हॅन लावून निवांत होऊ द्यायचं आणि मग खाली बोलवायचं. ताईंपेक्षा तो वयानं लहान, म्हणून मी सांगितलं की "भाऊ" म्हणूनच सुरुवात करा, तुम्ही त्याला रोज तसंच म्हणता. एकदम "तुम्ही लोक" वर आलात की भांडण सुरू.

साधारण असं बोला: "भाऊ, शाळा बंद होत्या, तुमची अडचण मला कळते. माझी पण एक अडचण आहे, खालच्या पोरी सोडून जायल्यात. त्या गेल्या तर माझं घर चालत नाही. आपण दोघं मिळून यावर काय करायचं ते आज ठरवू." आणि मग गप्प बसायचं. त्याला बोलू द्यायचं. नव्वद टक्के मालक इथंच चुकतात, गप्प बसत नाहीत.

मागण्या ठोस ठेवा. "कुत्र्याचा बंदोबस्त करा" याला काही अर्थ नाही. याऐवजी: दुपारी बारा ते पाच कुत्रं गच्चीवर नाही, घरात कूलरच्या सावलीला. रात्री दहानंतर गच्चीवर नाही. सकाळी सहा आणि संध्याकाळी बाहेर फिरवून आणायचं, म्हणजे जिन्यात-गच्चीत घाण होणार नाही. झालीच तर अर्ध्या तासात त्यांनी स्वतः धुवायची. जिन्यात नेताना साखळी हातात. आणि रेबीजच्या लसीचं कार्ड आठ दिवसांत दाखवायचं.

लसीचा मुद्दा हलका घेऊ नका. गावाकडून आणलेल्या कुत्र्याला बहुतेक वेळा लस दिलेलीच नसते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. लस दरवर्षी द्यावी लागते. आणि समजा कुत्रं कुणाला चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-मिरची काही लावायची नाही, आणि त्याच दिवशी दवाखान्यात इंजेक्शन. तुमच्या घरात दुसऱ्याच्या पोरी राहतात, ही जबाबदारी तुमची पण आहे. प्राण्यापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी न घेणं हा त्याच्या मालकाचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. हे धमकी म्हणून पहिल्याच दिवशी सांगायचं नाही. माहिती म्हणून लक्षात ठेवा.

बोलणं झालं की रात्री व्हॉट्सॲपवर चार ओळी टाका. "भाऊ, आज आपलं असं असं ठरलं." त्यानं "हो" टाकलं की तुमच्याकडं पुरावा झाला. घाणीचे फोटो काढा, तारखेसकट ठेवा. पण त्याच्या घरात न सांगता शिरून फोटो नाही. बघायला जायचं तर आधी कळवून, योग्य वेळी. कायदा पण हेच म्हणतो.

अकरा महिन्यांचा कागद

इथं मी ताईंना विचारलं, करारनामा आहे ना? त्या म्हणाल्या, "हो सर, पाचशेच्या बाँडवर नोटरी केलीय, अकरा महिन्यांची. अकरा महिन्यांला रजिस्ट्री लागत नाही ना."

ही आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी अफवा. मुळात ती नोंदणी कायद्यातून आली. तिथं एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, हे खरं. पण १९९९ च्या भाडे कायद्याचं कलम ५५ वेगळं आहे. ते म्हणतं, भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा कुठलाही करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची, किरायदाराची नाही. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्याहून मोठी गोष्ट: नोंदवलेला लेखी करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल किरायदार जे म्हणेल तेच धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. म्हणजे तो म्हणाला की किराया पाच हजारच ठरला होता, कुत्र्याला मालकिणीनं होकार दिला होता, तर खोटं ठरवायचं काम तुमचं.

आता खर्च बघा. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. अकरा महिन्यांचा किराया सात हजारांप्रमाणे ७७,०००. परत द्यायच्या पंचवीस हजार डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून अकरा महिन्यांचे साधारण २,३००. एकूण ७९,३००, त्याचा पाव टक्का म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,०००. ऑनलाइन करून देणाऱ्याची फी वेगळी. भरायच्या दिवशीचे दर तपासून घ्या, पण अंदाज आला ना? एका महिन्याच्या किरायाच्या चौथाईत काम होतं, आणि ते पण दोघांत अर्धं-अर्धं करता येतं.

एवढ्यानं मिळतं काय? कलम २४. नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आणि माणूस हलत नसेल तर दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. तिथं करारात लिहिलेल्या गोष्टी निर्णायक पुरावा धरल्या जातात. आणि मुदतीनंतर जितके दिवस तो बसला तितक्या दिवसांची भरपाई दुप्पट दरानं. सात हजारांचे चौदा हजार.

मी सांगितलं, ताई, आता तुमच्या हातात एकच पत्ता आहे आणि तो चांगला आहे. थकलेले चौदा हजार तीन हप्त्यांत घ्या, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. त्याची सोय झाली. बदल्यात तो नवीन लिव्ह अँड लायसन्सवर सही करून नोंदणीला येईल. आणि त्यात कुत्र्याची अट घाला. अट अशी लिहून घ्या:

"परवानाधारकाकडे करारावेळी एक पाळीव कुत्रा असून त्याव्यतिरिक्त कोणताही प्राणी किंवा पक्षी मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागेत ठेवला जाणार नाही. सदर कुत्र्याचे रेबीज लसीकरण दरवर्षी करून त्याची प्रत मालकास दिली जाईल. सामाईक जिना, गच्ची व अंगण यांची प्राण्यामुळे होणारी अस्वच्छता परवानाधारक तात्काळ दूर करील. प्राण्यामुळे झालेले नुकसान डिपॉझिटमधून बिलाप्रमाणे वजा होईल. याबाबत दोन लेखी सूचनांनंतरही सुधारणा न झाल्यास एक महिन्याच्या नोटिशीने परवाना संपुष्टात आणता येईल."

"कोणताही प्राणी" हे मुद्दाम. आपल्याकडं पाळीव म्हणजे फक्त कुत्रं-मांजर नाही. गच्चीवर कोंबड्या ठेवणारे मी बघितलेत, आणि बकरी ईदच्या आधी महिनाभर बोकड बांधणारे पण.

डिपॉझिट कापताना प्रामाणिक रहा. दोन वर्षांत रंग फिका झाला तर तो वापर आहे, तो खर्च तुमचा. दाराच्या खालच्या भागावर नखांचे ओरखडे, मुतून खराब झालेली फरशीची सांध, ते नुकसान. राहायला देताना आणि सोडताना दोघांनी मिळून मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, वाद राहत नाही. किराया घेतला की पावती द्या, फोनपेवर आला तरी. पावती देणं कायद्यानं बंधनकारक आहे.

एक जण विचारणारच, म्हणून सांगतो: "डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही" असे व्हिडिओ फिरतात. तो २०२१ चा केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा. तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारला तरच लागू. आपल्याकडं १९९९ चाच चालतो.

आणि तो ऐकतच नसेल तर?

तर वकिलाकडून नोटीस, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसकट. थकलेल्या किरायासाठी घर खाली करून मागायचं तर लेखी मागणीनंतर नव्वद दिवस थांबावं लागतं, त्याआधी दावा टाकता येत नाही. दावा टाकल्यावर पण समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत त्यानं सगळा किराया पंधरा टक्के व्याजासकट कोर्टात भरला तर त्या कारणावरून त्याला काढता येत नाही. शेजाऱ्यांना उपद्रव हे कलम १६ मधलं वेगळं कारण आहे. कुत्र्याचं प्रकरण तिथं बसू शकतं, पण त्याला साक्षीदार लागतात. खालच्या मुली कोर्टात येऊन सांगतील का? परीक्षा सोडून कोण येणार! म्हणून मी कोर्टाला शेवटची पायरी म्हणतो.

त्याच्या आधीची एक पायरी लोक विसरतात. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, नांदेडला आहे, लातूरला आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. दावा टाकण्याआधीच दोघांना समोरासमोर बसवून समझोता पण करून देतात. ताईंना हे माहीतच नव्हतं.

मग प्राणी असलेल्याला रूम द्यायचीच नाही का?

तुमचं घर, तुमची मर्जी. देताना करारात "प्राणी चालणार नाहीत" लिहिता येतं. हाउसिंग सोसायटीनं फ्लॅटमालकाला कुत्रं पाळू नको म्हणणं वेगळं, तिथं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचना आडव्या येतात. पण धंदा म्हणून माझं मत वेगळं आहे. कुत्रं असलेल्या कुटुंबाला आपल्या शहरात दहा ठिकाणी नकार मिळालेला असतो. त्याला अकराव्या ठिकाणी जागा मिळाली की तो सहजासहजी सोडत नाही. रूम रिकामी राहत नाही, दरवर्षी रंग नाही, दलालाला पैसे नाहीत. खालचा मजला असेल, अंगण असेल, तर पाचशे रुपये जास्त घेऊन, हजार-दोन हजार डिपॉझिट वाढवून, लेखी अटींवर खुशाल द्या. पण ज्या घरात विद्यार्थी राहतात तिथं वरच्या मजल्यावर मोठं कुत्रं, हे मी करणार नाही. मांजर चालेल.

ताईंचं पुढं काय झालं ते सांगतो. तो माणूस खाली आला, बसला, आणि पहिलं वाक्य बोलला, "ताई, मला वाटलं तुम्ही घर खाली करा म्हणायल्यात." दुपारचं कुत्रं घरात आलंय. रात्री अजून भुंकतंय, पण कमी. पाच हजारांचा पहिला हप्ता आलाय. मुलींनी पंधरा तारखेपर्यंत थांबायचं कबूल केलंय. लसीचं कार्ड अजून आलेलं नाही, म्हणून ताईंनी त्याला व्हॉट्सॲपवर परवाची तारीख दिलीय, आणि नोंदणीसाठी पुढच्या सोमवारची वेळ घेतलीय.